‘जाऊ दे, उगाच आगाऊपणा नको’: अनोळखी माणसाला मदत करताना आपला हिशोब कुठे चुकतो

दरवर्षी मार्चमध्ये २० तारखेच्या आसपास जगातल्या देशांची ती आनंदाची यादी येते आणि मग दोन दिवस व्हॉट्सॲपवर तेच चालू. २०२५ ला भारत ११८ वा, पाकिस्तान १०९ वा, फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. ग्रुपवर कोणी म्हणतं यादी बनवणाऱ्यांना वेड लागलंय, कोणी म्हणतं फिनलंडमध्ये आहे काय, बर्फ नि झाडं, आणि मग परत गुड मॉर्निंगचे गुलाब सुरू. पण त्या वर्षीच्या रिपोर्टचा विषय होता एकमेकांची काळजी घेणं, वाटून खाणं, आणि त्यातली मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट ग्रुपवर कोणी टाकलीच नाही. हरवलेलं पाकीट परत मिळेल का असं लोकांना विचारलं तर ते जो अंदाज सांगतात, त्याच्या साधारण दुप्पट पाकिटं प्रत्यक्षात परत येतात.

म्हणजे आजूबाजूची माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच बरी आहेत, आणि आपण मात्र त्यांना वाईट धरून चालतो. "हो का, संध्याकाळी सहाला ठाण्याला उतरून दाखवा" हे माझ्याही तोंडात आलं. तरी जरा खोदत गेले, कारण प्रश्न पाकिटाचा नाहीये. आपल्याला मदत करायची असते, हात पुढे जातो सुद्धा, आणि मग मध्येच थांबतो. का थांबतो?

आधी कशाबद्दल बोलतोय ते

गिरणीचं उदाहरण घ्या. दळणाचे डबे लाईनीत लावलेत, गव्हावर गहूच आला पाहिजे, ज्वारीचं पीठ मिसळायला नको, म्हणून ती लाईन मुळातच वाकडीतिकडी असते. एक बाई घाईत आलीय, घरी बाळ झोपवून शेजारणीला बसवून आलीय, आणि कोणीतरी म्हणतं "माझं राहू दे, आधी यांचं टाका." झालं. एवढंच. रक्तदान नाही, अनाथाश्रमाला देणगी नाही. बँकेत कोणाला पेन देणं, भाजीवाल्याकडे पुढच्याला पाच रुपये सुट्टे कमी पडले तर देऊन टाकणं, एसटीत वरच्या रॅकवर पिशवी चढवून देणं, लोकलमध्ये "मी डोंबिवलीला उतरतेय, तुम्ही बसा" असं आधीच सांगून ठेवणं. मानसशास्त्रात दुसऱ्याच्या भल्यासाठी केलेल्या वागण्याला ‘प्रोसोशल’ म्हणतात, शब्द एकदा ऐकून ठेवा, परत वापरणार नाही, आपल्याकडे ‘माणुसकी’ आहे की.

कपभर चॉकलेट आणि दोन वेगळ्या वह्या

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन संशोधकांनी शिकागोत एक साधा प्रयोग केला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. थंडीचे दिवस, बर्फावर स्केटिंग करायची जागा, तिथे आलेल्या लोकांना त्यांनी गरमागरम हॉट चॉकलेटचा कप दिला आणि सांगितलं, हा तुम्ही स्वतः प्या नाहीतर इथल्या कोणा अनोळखी माणसाला द्या. बऱ्याच जणांनी दिला. मग देणाऱ्याला विचारलं, तुमच्या मते समोरच्याला हे केवढं मोठं वाटलं असेल? घेणाऱ्याला विचारलं, तुला केवढं वाटलं? देणाऱ्यांचा अंदाज कमी निघाला. घेणाऱ्यांना ते देणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा बरंच मोठं वाटलं होतं आणि त्यांचा मूडही जास्त सुधारला होता.

असं का होतं? दोघांच्या वह्या वेगळ्या आहेत. देणारा स्वतःच्या वहीत लिहितो ‘एक कप चॉकलेट’. वस्तू काय, किंमत काय, कष्ट किती, तर किरकोळ. घेणारा लिहितो ‘कोणीतरी माझा विचार केला’. त्या रकान्यात किंमतच नसते.

आपल्याला हे समजायला शिकागोला जायची गरज नाही खरं तर. उन्हातून घरी आलेल्या पाहुण्याला आपण दारातच पाणी देतो. पाण्याची किंमत शून्य, देणाऱ्याला त्याचं काही वाटतही नाही, आणि कोणाकडे गेल्यावर पाणी विचारलं नाही तर ते मात्र वीस वर्षांनी लग्नात भेटल्यावरही आठवतं. शून्य किंमतीच्या गोष्टीचा एवढा राग का येतो? कारण तिथे पाणी मोजलेलंच नसतं.

त्यात आपल्याकडे आणखी एक घोळ आहे, हे माझं निरीक्षण, कुठल्या अभ्यासात वाचलेलं नाही. आपण मराठी माणसं थँक्यू पटकन म्हणत नाही. "आभारी आहे" म्हटलं की सत्कार समारंभ वाटतो, "धन्यवाद" म्हटलं की कस्टमर केअर. मग आपण म्हणतो "बरं झालं बाई" किंवा नुसती मान हलवतो, आणि म्हाताऱ्या बायका "सुखी राहा" म्हणून निघून जातात. समोरच्याला मनातून कितीही बरं वाटलेलं असो, देणाऱ्याच्या हातात पावती काही येत नाही, मग त्याला वाटतं काही फरक पडला नाही, आणि पुढच्या वेळी तो खिडकीबाहेर बघतो.

याच संशोधकांनी पुढे अजून एक गोष्ट तपासली. काही जणांना एक छोटी भेटवस्तू नुसती प्रयोगशाळेकडून मिळाली, काहींना तशीच वस्तू दुसऱ्या कोणीतरी आपणहून दिलेली होती. नंतर सगळ्यांना एका खेळात पैसे अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यायला सांगितले. ज्यांना कोणीतरी आपणहून दिलेली वस्तू मिळाली होती त्यांनी जवळजवळ अर्धे पैसे दिले, बाकीच्यांनी कमी. वस्तू तशीच, फक्त ती आली कशी एवढाच फरक.

(असाच एक जुना प्रयोग खूप फेमस आहे, १९७२ चा, फोन बूथमध्ये कोणाला विसरलेलं नाणं सापडलं की तो माणूस बाहेर कोणाचे कागद पडले तर धावत उचलून देतो असा. आपल्या पीसीओच्या जमान्यातला असल्यामुळे मला फार गोड वाटतो, पण इतरांनी परत करून पाहिला तेव्हा तसं निघालं नाही, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. फॉरवर्डमध्ये हा हमखास येतो.)

"मनात असतं हो, पण वेळ कुठेय"

हे सगळ्यात खरं कारण आहे आणि ते तपासलंही गेलंय. १९७३ साली प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग. अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणारी ४० मुलं होती. त्यांना दुसऱ्या बिल्डिंगमध्ये जाऊन भाषण द्यायचं होतं, त्यातल्या निम्म्यांचं भाषण तर बायबलमधल्या त्या गोष्टीवर होतं ज्यात रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाला एक परका मदत करतो. वाटेत गल्लीत एक माणूस खोकत, विव्हळत बसवून ठेवला होता. ज्यांना सांगितलं होतं की आरामात जा, त्यातल्या ६३ टक्क्यांनी काही ना काही मदत केली. ज्यांना सांगितलं "अरे तुला उशीर झालाय, पळ" त्यातल्या फक्त १० टक्क्यांनी. मदतीवरचं भाषण खिशात घेऊन काही जण त्या माणसाला ओलांडून गेले!

४० मुलं म्हणजे तसा छोटाच प्रयोग, पण मला तो पटतो कारण सकाळी ८:१२ च्या लोकलसाठी जिना उतरणारी मी आणि रविवारी मंडईत फिरणारी मी या दोन वेगळ्या बायका आहेत. रविवारच्या बाईला सगळे दिसतात, कोणाची पिशवी फाटलीय, कोण पत्ता शोधतंय. ८:१२ च्या बाईला फक्त इंडिकेटर दिसतो. स्वभाव तोच आहे, नजर अरुंद झालीय. म्हणून कोणी आपल्याला बघून न बघितल्यासारखं केलं की तो माणूसच तसा असं ठरवण्याआधी त्याच्या घड्याळाचाही विचार करावा, निदान मी आता तसं करायला लागलेय, नवऱ्याच्या बाबतीत अजून जमलं नाहीये.

"एवढी माणसं आहेत, कोणीतरी बघेलच"

सोसायटीतली पाण्याची टाकी रात्री ओव्हरफ्लो होते, धो धो आवाज चाळीस घरांत जातो, आणि प्रत्येक जण अंथरुणात पडल्या पडल्या समजतो की कोणीतरी वॉचमनला फोन केला असेल. सकाळी कळतं कोणीच नाही केला. याला ‘बायस्टँडर इफेक्ट’ म्हणतात, आपण ‘बघ्यांची गर्दी’ म्हणू. हा विषय सुरू झाला १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला तेव्हा. पेपरात आलं की ३८ लोक बघत होते आणि कोणी काही केलं नाही. पुढे त्या बातमीत बरीच अतिशयोक्ती होती हे उघड झालं, पण तोवर १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने यांनी प्रयोगातून दाखवलं होतं की आजूबाजूला इतर लोक आहेत असं वाटलं की एकटा माणूस उठायला वेळ लावतो किंवा उठतच नाही.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं आणि इथेच बहुतेक लेख संपतात, की गर्दी म्हणजे दगड. पण २०१९ ला ॲमस्टरडॅम, इंग्लंडमधलं लँकेस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन इथल्या रस्त्यावरच्या भांडणांचं खरंखुरं सीसीटीव्ही फुटेज तपासलं गेलं, २१९ भांडणं. त्यात दहापैकी नऊ प्रसंगात निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. आणि माणसं जितकी जास्त तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त. म्हणजे एकेकटा माणूस गर्दीत आळशी होत असेल, पण गर्दीतून कोणीतरी निघतोच. टाकीचं पण तसंच आहे म्हणा, शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे काका उठतातच.

यातून एक कामाची गोष्ट: मदत मागायची वेळ आपल्यावर आली तर "कोणीतरी मदत करा हो" असं ओरडू नका. एकाकडे बोट करा, "ओ निळा शर्टवाले दादा, जरा ही गाडी धरा." त्याला आता बघ्या राहता येत नाही.

आणि ‘दादा’ हा शब्द फुकट नाहीये हं. आपल्याकडे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला हाक मारायला दादा, ताई, काका, मावशी, आजोबा ही नातीच वापरतात. "मावशी, ही पिशवी धरता का" म्हटलं की दोन सेकंदासाठी ती खरोखरच मावशी होते, नाही म्हणणं जड जातं. अलीकडे काही जणींना ‘काकू’ म्हटलेलं चालत नाही, तिथे स्वतःच्या जबाबदारीवर.

"हे सगळं गावाकडे, शहरात नाही"

रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या २३ मोठ्या शहरांत तीन साध्या गोष्टी करून पाहिल्या: चालता चालता पेन पाडायचं, पायाला पट्टी बांधून मासिकं पाडायची, आणि आंधळ्या माणसाचं सोंग घेऊन सिग्नलला उभं राहायचं. २००१ मध्ये आलेल्या त्या निकालात रिओ दि जानेरो पहिलं, तिथे ९३ टक्के वेळा कोणीतरी मदत केली. शेवटचं क्वालालंपूर, ४० टक्के, त्याच्या किंचित वर न्यूयॉर्क. आणि आपलं कोलकाता? चौथं, ८० टक्क्यांच्या वर. पैसा जास्त असलेल्या शहरांत मदत थोडी कमी दिसली. मुंबई त्यात नव्हती, पुणंही नव्हतं, त्यामुळे पुणेकरांवरचे जोक्स सध्या तरी पुराव्याशिवायच चालू राहतील.

पाकिटांचा मोठा प्रयोगही शहरांतच झाला होता, ४० देश, ३५५ शहरं, १७ हजारांहून जास्त पाकिटं, २०१९ ला प्रसिद्ध. बँका, हॉटेलं, पोस्ट ऑफिसं अशा ठिकाणी काउंटरवर पाकीट द्यायचं आणि सांगायचं रस्त्यात सापडलं. पैसे नसलेली पाकिटं ४० टक्के परत आली आणि पैसे असलेली ५१ टक्के. उलटं वाटतं ना? जास्त पैसे दिसले की माणूस ढापेल असंच सामान्य लोकांना वाटलं होतं, आणि अर्थशास्त्रज्ञांनाही हे आधी ओळखता आलं नव्हतं. पण पाकिटात पैसे दिसले की ते ठेवून घेणं म्हणजे चोरी, आणि स्वतःला चोर म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही.

लाजेवरचा उपाय आपल्याकडे आधीच होता

या सगळ्यात लाज हा मोठा अडथळा आहे. देणाऱ्याला आगाऊ दिसायची लाज, घेणाऱ्याला मागायची लाज. आता पाणपोई बघा. मार्च उजाडला की रस्त्याच्या कडेला मांडव, दोन रांजण, ओलं फडकं, लांब दांड्याचं ओगराळं, वर पाटी ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. देणारा तिथे नसतो, बऱ्याचदा तर ज्याच्या नावाने दिलंय तोही नसतो. पिणाऱ्याला कोणाला विचारायला नको, कोणाचे आभार मानायला नकोत. दोन्हीकडची लाज कापून टाकलीय. नेपल्समध्ये लोक आपल्या कॉफीबरोबर अजून एका कॉफीचे पैसे देऊन जातात, ज्याला परवडत नाही त्याने मागाहून येऊन विचारायचं, तीही हीच युक्ती. आणि गावोगावी दिसणाऱ्या माणुसकीच्या भिंती, ‘नको असेल ते ठेवा, हवं असेल ते न्या’, त्याही तशाच. तशी भिंत २०१५ मध्ये इराणमधल्या मशहद शहरात गाजली आणि मग आपल्याकडेही ठिकठिकाणी झाल्या (फाटके पायजमे ठेवणाऱ्यांबद्दल मी इथे बोलत नाही).

याच्या बरोबर उलटं म्हणजे मोबाईल समोर धरून केलेली मदत. २०२२ मध्ये मेलबर्नच्या एका मॉलमध्ये एका मुलाने बसलेल्या वयस्क बाईंच्या हातात फुलांचा गुच्छ दिला, व्हिडिओ करोडो लोकांनी बघितला, हार्ट वगैरे. त्या बाईंनी नंतर सांगितलं की मी शांतपणे कॉफी पीत होते, मला विचारलं नाही, मला माणूस नाही तर वस्तू केल्यासारखं वाटलं. त्यांच्या वहीत ‘कोणीतरी माझा विचार केला’ हे लिहिलंच गेलं नाही, बाकी गुच्छ चांगलाच असणार. विचारणं हा अर्धा भाग आहे. न दिसणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडून द्यायचा असेल तर दंड पकडून ओढत नेऊ नये, आधी "सोबत येऊ का" विचारावं आणि आपलं कोपर पुढे करावं, ते धरतात आणि अर्धं पाऊल मागून चालतात. "नको" म्हणाले तर नको.

"आणि फसवलं तर?"

फसवतात. एटीएममध्ये "काका मी काढून देतो" म्हणून कार्ड बदलणारे असतात, म्हणून तिथे मदत हवी असेल तर गार्ड किंवा बँकेचा माणूस, आणि मदत करायची असेल तर आपण कार्डाला हात लावायचा नाही, पिन ऐकायचासुद्धा नाही, तोंड फिरवून उभं राहायचं आणि कुठलं बटण ते सांगायचं. "मी तुम्हाला यूपीआय करतो, तुम्ही कॅश द्या" म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते, आलेले पैसे कुठल्या फ्रॉडमधले निघाले तर आपलंच खातं अडकतं. त्यापेक्षा त्याच्या वड्याचे वीस रुपये मीच दुकानदाराच्या क्यूआरवर टाकले तर गेले तर वीसच जातात. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हे तर घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा.

दुसरी भीती पोलिसांच्या लफड्याची, अपघातात मदत केली तर. ही भीती आता जुनी झाली. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये याची नियमावली देशभर बंधनकारक केली, मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आलं. तुम्ही जखमीला दवाखान्यात पोचवलं तर तुमच्यावर दावा किंवा गुन्हा होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही.

बायकांसाठी एक वेगळा पॅरा लागतो आणि तो लेखांमध्ये नसतो. आम्ही अनोळखी पुरुषाकडे बघून नुसतं हसलो तरी त्याचा अर्थ भलताच काढणारे आहेत, आणि पुरुषांचंही ऐकलंय की बाईची पडलेली ओढणी सांगायला गेलं तरी लोक संशयाने बघतात. इथे हिशोब चुकत नाही, इथे भीती खरी आहे, अनुभवातून आलेली आहे. मी काय करते, तर बायका, म्हातारे, पोरं यांच्यासाठी बिनधास्त पुढे होते, बाकी ठिकाणी आसपास चार माणसं असतील तरच. यात मला अपराधी वाटत नाही.

"याने गरिबी हटणार आहे का?"

नाही. रस्त्यावरचा खड्डा बुजत नाही, रेशनही येत नाही, त्यासाठी मत द्यायचं, तक्रार करायची, भांडायचं. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगात दर सहापैकी एका माणसाला एकटेपणाने ग्रासलंय असं म्हटलंय, आणि त्यावर हे छोटं बोलणं थोडंफार चालतं. व्हँकुव्हरमध्ये एका कॉफीशॉपबाहेर लोकांना दोन गटांत वाटलं होतं, एकाने पटकन कॉफी घेऊन निघायचं, दुसऱ्याने देणाऱ्याकडे बघून हसून दोन शब्द बोलायचं. बोलणारे जास्त खुश बाहेर आले. आता दूध, कोथिंबीर, पेन्सिल सगळं दहा मिनिटांत दारात येतं, बेल वाजते, पिशवी हँडलला लटकलेली असते आणि मुलगा लिफ्टमध्ये गेलेला असतो. दोन शब्द बोलायचे तर कोणाशी?

"एकदा केलं की लोक चढून बसतात"

हा आक्षेप माझ्या आईचा आहे आणि याला माझ्याकडे धड उत्तर नाही. मागच्या महिन्यात बँकेत पासबुक भरायला गेले होते. टेबलावर दोरीला बांधलेलं ते पेन, रिफिल नसलेलं. एक आजी विड्रॉल स्लिप हातात धरून उभ्या होत्या, चष्मा घरी राहिला होता म्हणे. मी पाच मिनिटं मोबाईलमध्ये डोकं घालून विचार केला की विचारू का नको, हे सगळे प्रयोग वाचलेले असून! शेवटी त्यांनीच विचारलं, "ताई, एवढी भरून देता का?" दिली भरून. आजी काही बोलल्या नाहीत, स्लिप उलटसुलट करून बघितली, सही केली, आणि मागे वळून बाकड्यावर बसलेल्या आजोबांना मोठ्यांदा म्हणाल्या, "अहो, तुमची पण आणा, ही बाई भरून देते." आजोबांमागून अजून दोघं आले. चौथ्या स्लिपला माझा टोकन नंबर पुढे निघून गेला.